इंदूरच्या काळ्या मातीत देशी रानफुलांची बाग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

राजेंद्र नगरमधील आमच्या घरामागे सुमारे १२ फूट लांब आणि ५ फूट रुंद असा जमिनीचा एक पट्टा मी गेली ९ वर्षे देशी रानफुलांसाठी राखून ठेवला आहे. गणपतीत घरी येणारे नातलग, सकाळी फिरायला निघालेले शेजारी आणि अलीकडे बी मागायला येणारी अनोळखी मंडळी या सर्वांचे प्रश्न बहुतेक सारखेच असतात, म्हणून त्यांची उत्तरे येथे एकत्र लिहिली आहेत. हे सर्व सल्ले इंदूरला धरून आहेत: समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंची, वर्षाला साधारण ९५० मिलिमीटर पाऊस, तोही जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, आणि पायाखाली बेसॉल्ट खडकापासून बनलेली माळव्याची काळी माती. पुण्याच्या किंवा नागपूरच्या वाचकांनी आपापल्या पावसाप्रमाणे त्यांत फेरफार करावा.

रानफूल कशाला म्हणायचे? ते आणि तण यांत फरक काय?

एखाद्या प्रदेशात माणसाने न लावता, तिथल्याच माती-पावसात पिढ्यान्‌पिढ्या उगवत आलेली फुलझाडे म्हणजे त्या प्रदेशाची रानफुले. तण हा शब्द वनस्पतीचे वर्णन करत नाही, तो आपली गरज सांगतो. सोयाबीनच्या शेतात कुर्डू हे तण असते, आणि तेच कुर्डू अंगणाच्या कोपऱ्यात फुलले, की त्याच्या गुलाबी-पांढऱ्या तुऱ्यांवर सकाळभर माश्यांची आणि फुलपाखरांची ये-जा असते. मात्र जे आपोआप उगवते ते सगळेच देशी असते, असे नाही. गाजर गवत आपोआप उगवते, पण ते अमेरिकेतून आलेले आहे. त्याबद्दल पुढे लिहिले आहे.

अंगणात झेंडू आणि झिनिया आहेत, त्यांवर फुलपाखरेही येतात. मग रानफुले कशासाठी?

हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, म्हणून उत्तर थोडे लांब आहे. दसऱ्याला दाराला बांधतो तो झेंडू मूळचा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतला, झिनिया आणि कॉसमॉसही तिकडचेच. परक्या मुलखातून आला म्हणून झेंडू टाकून द्यावा, असे माझे म्हणणे नाही. आमच्याही दाराला तो असतो. परंतु बाजारातील भरगच्च पाकळ्यांच्या जातींत मकरंद आणि पराग पाकळ्यांच्या गर्दीत दडून जातात, त्यामुळे दिसायला फूल मोठे असले तरी माशीच्या हाती फारसे काही लागत नाही. एकेरी पाकळीचा झेंडू त्या मानाने कितीतरी बरा.

खरा मुद्दा पानांचा आहे. फुलपाखरू फुलावर येते ते मकरंदासाठी, पण अंडी घालायला त्याला ठरावीक वनस्पतीचे पान लागते. फुलावर आलेले फुलपाखरू पाहुण्यासारखे असते, अंडी घातलेले फुलपाखरू त्या अंगणाचे रहिवासी होते. काळ्या टोकांच्या नारिंगी पंखांचे प्लेन टायगर फुलपाखरू रुईच्या कुळातील झाडांवरच अंडी घालते. फिकट रंगाचे, घाईघाईने उडणारे एमिग्रंट बहाव्याची आणि टाकळ्याची पाने शोधत फिरते. बेल, लिंबू आणि कढीपत्ता यांच्यावर लाइम आणि कॉमन मॉरमॉन ही फुलपाखरे वाढतात. बोरीवर कॉमन पियरो हे पांढरे-काळे ठिपक्यांचे इवलेसे फुलपाखरू वाढते. झिनियाचा वाफा कितीही फुलला, तरी यांपैकी एकाचीही पुढची पिढी त्यावर वाढू शकत नाही.

मग कोणती झाडे लावावीत?

मराठी घरांसाठी माझे उत्तर नेहमी एकच असते: आधी आपली पत्री आठवावी. श्रावणात जिवतीच्या चित्राला आपण आघाडा आणि दूर्वांची माळ घालतो. भाद्रपदात गणपतीला एकवीस पत्री वाहतो, त्यांत माका, बेल, बोर, शमी, आघाडा, डोरली, रुई, अर्जुनसादडा, विष्णुक्रांत आणि तुळस ही नावे येतात. काही घरांत तेरड्याच्या गौरी बसतात. राजवाड्याच्या आसपास दरवर्षी ही पाने जुडी करून विकायला येतात, आपण ती विकत घेतो आणि दुसऱ्या दिवशी निर्माल्यात टाकतो. ज्यांनी ही यादी घडवली त्यांच्या मनात कोणता हेतू होता, याबद्दल मी काही सांगू शकत नाही, परंतु पावसाळ्यात घराच्या आसपास जे उगवते ते ओळखता आले पाहिजे, एवढे शिक्षण ही यादी घरातल्या मुलांना आपोआप देत असे. त्या यादीतील निम्मी झाडे अंगणात वाढवली, तरी रानफुलांची बाग बऱ्यापैकी उभी राहते.

तेरड्यापासून सुरुवात करावी. तो अपयश येऊ देत नाही. फुलाच्या मागे वाकडी नळी असते, तिच्या टोकाशी मकरंद असतो, त्यामुळे लांब सोंडेच्या माश्या आणि पतंग त्याच्याकडे येतात. शेपटीवर काटा आणि अंगावर डोळ्यांसारखे ठिपके असलेली जाडजूड अळी त्याच्या पानांवर दिसली, तर ती हॉकमॉथ या मोठ्या पतंगाची असते आणि ती अजिबात चावत नाही. तेरड्याचा रंग तीन दिवस, अशी म्हण असली, तरी झाडे टप्प्याटप्प्याने पेरली, तर श्रावणापासून आश्विनापर्यंत फुले मिळतात.

रुईबद्दल लोक कचरतात, कारण ती उकिरड्यावर वाढताना पाहिलेली असते. एखादे झाड तरी ठेवावे. तिच्या मेणचट फुलांवर मोठा काळा भुंगा येतो आणि परागीभवनाचे काम मुख्यतः तोच करतो. प्लेन टायगरची अळी रुईचा विषारी चीक पचवते आणि ते विष शरीरात साठवून ठेवते, म्हणून पक्षी या फुलपाखराच्या वाट्याला सहसा जात नाहीत. याचा फायदा डॅनेड एगफ्लाय नावाचे दुसरे फुलपाखरू घेते. त्याची मादी हुबेहूब प्लेन टायगरसारखी दिसते, पण तिला विष नसते, आणि तिची अळी वाढते ती घोळीवर, म्हणजे आपण भाजी करतो त्या घोळीवर. वाफ्याच्या कडेला पसरलेली घोळ सगळी उपटू नये, यासाठी माझ्या दृष्टीने एवढे कारण पुरेसे आहे.

पावसाळ्यात खुळखुळा लावावा. वाळलेल्या शेंगा हलवल्यावर आत बिया वाजतात, म्हणून हे नाव. त्याच्या पिवळ्या फुलांवर मोठ्या माश्या येतातच, शिवाय पावसाळ्याच्या शेवटी टायगर कुळातील नर फुलपाखरे वाळक्या फांद्यांवर आणि शेंगांवर घोळक्याने बसलेली दिसतात. मादीला आकर्षून घेणारा गंध तयार करण्यासाठी जी द्रव्ये लागतात, ती त्यांना या झाडातून आणि भुरुंडीतून मिळतात. तुंबा हा वीतभर उंचीचा, पांढऱ्या ओठांसारख्या फुलांचा, आणि लहान माश्यांना त्याच्याइतके प्रिय दुसरे झाड मी पाहिलेले नाही. पाऊस ओसरल्यावर पिवळी काटेकोरांटी फुलू लागते. तिच्या पानांवर लेमन पॅन्सी अंडी घालते. जिथे पाणी साचून उशिरा आटते, तिथे गोरखमुंडीचे जांभळे गोंडे थंडीत फुलतात. सिरपूर तलावाच्या काठची ओलसर जमीन पाहिली, तर अशा झाडांना काय आवडते ते समजते. या तलावाला आणि यशवंत सागराला २०२२ साली रामसर पाणथळ स्थळांचा दर्जा मिळाला आहे.

मोठ्या अंगणात निर्गुडी, अडुळसा आणि एखादा बहावा यांना जागा द्यावी. केवळ गवताचा रिकामा पट्टा राखणेही चांगले. मारवेलसारखे देशी गवत तुऱ्यावर आले, की मुनियांचे थवे त्याच्या बियांवर उतरतात.

आमची माती पावसात चिखल होते आणि उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. अशा मातीत काही येईल का?

येईल, कारण वरील बहुतेक झाडे या मातीतच वाढलेली आहेत. काळ्या मातीत चिकणमातीचे प्रमाण मोठे असते. ती पाणी शोषून फुगते आणि सुकल्यावर आकसते, म्हणून भेगा पडतात. तिची अडचण कसाची नसून निचऱ्याची आहे. ज्यांना पाय ओले ठेवणे सोसत नाही, अशा तुळस, कोरांटी किंवा शंखपुष्पीसारख्या झाडांसाठी वीतभर उंच गादीवाफा करावा, त्यात थोडी मुरूम मिसळावी आणि दोन वाफ्यांमध्ये पाणी वाहून जाईल असा चर ठेवावा. ओल्या चिखलात कुदळ घालू नये. एकदा तुडवलेली काळी माती सुकल्यावर विटेसारखी होते आणि तिच्यात बारीक बी वर येत नाही. शेतकरी ज्याची वाट पाहतात, तो वाफसा अंगणातही पाहावा लागतो: मूठभर माती दाबली असता गोळा व्हावा आणि बोटाने टोचल्यावर तो भुसभुशीत फुटावा.

बी कोठून मिळवावे आणि कधी पेरावे?

नर्सरीत यांपैकी फार थोडी झाडे मिळतात, म्हणून आश्विन-कार्तिकात स्वतः बी गोळा करणे उत्तम. गावाकडच्या बांधावर, रेल्वेच्या रुळांलगत किंवा रिकाम्या भूखंडांवर तुंबा, खुळखुळा, कुर्डू सहज मिळतात. एका जागेवरचे सगळे बी कधीही घेऊ नये, दहा झाडांपैकी दोन-तीन झाडांचेच घ्यावे. रालामंडल अभयारण्यातून बी, रोप किंवा कंद काहीही आणू नये. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली अभयारण्यातील वनस्पतींनाही संरक्षण आहे, आणि कायदा नसता तरी तिथली फुले तिथल्या प्राण्यांसाठी आहेत. कळलावीचे कंद रानातून खणून आणण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा, कारण औषधासाठी होणाऱ्या खणणीमुळे ती आधीच विरळ होत चालली आहे.

तेरड्याच्या शेंगा स्पर्शाने फुटून बी उडते. त्यामुळे शेंग फुगून फिकट झाली, की तिच्याभोवती हाताची ओंजळ धरूनच ती तोडावी. बी सावलीत सुकवून कागदी पुडीत ठेवावे, प्लॅस्टिकच्या पिशवीत ते घामेजून बुरसते. पुडीवर झाडाचे नाव आणि वर्ष लिहावे. हे मी पहिली दोन वर्षे केले नाही, आणि कोणती पुडी कशाची हे मला उगवल्यावरच कळले.

पेरणी मृगाच्या अखेरीस करून ठेवावी. इंदुरात धरून पाऊस बहुधा आर्द्रा नक्षत्राच्या सुमारास येतो, आणि त्यापूर्वी कोरड्या मातीत पडलेले बी पहिल्या सरींनी आपसूक बसते. बारीक बी चाळलेल्या मातीत मिसळून फोकावे आणि वर मातीचा अगदी पातळ थर द्यावा. खुळखुळा आणि बहावा यांच्या बियांचे कवच कठीण असते. कढत पाणी ओतून त्या रात्रभर तशाच भिजत ठेवल्या, तर पुष्कळ अधिक उगवतात.

रानफुलांना खत घालावे का?

रानफुलांच्या वाफ्याला रासायनिक खत अजिबात घालू नये आणि शेणखतही बेताने द्यावे. खत पडले, की पाने आणि उंच गवत माजते, फुले कमी येतात आणि तुंब्यासारखी लहान झाडे दबून जातात. भाजीच्या वाफ्यासाठी मात्र कंपोस्ट हवे, आणि त्याबाबत इंदूरकरांना बाहेर काही शोधायची गरज नाही. येथे १९२४ साली स्थापन झालेल्या इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्रीत अल्बर्ट हॉवर्ड यांनी काडीकचरा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती आणि लाकडाची राख यांचे थर रचून, ते ठरावीक काळाने पालटून, साधारण ३ महिन्यांत कंपोस्ट तयार करण्याची पद्धत बसवली. जगभर ती इंदूर पद्धत या नावानेच ओळखली जाते. भारतीय शेतकऱ्यांच्या रीतींपासून आपण पुष्कळ शिकलो, असे हॉवर्ड मानत असत. अंगणातील पाला, स्वयंपाकघरातील देठ-साले आणि थोडे शेण एवढ्यावर तिची लहान आवृत्ती घराघरांत चालू शकते.

अळ्या पाने कुरतडतात. औषध फवारावे का?

नाही. कुरतडलेले पान पाहून मन खट्टू होणे स्वाभाविक आहे, पण ही बाग ज्यासाठी केली ते काम नेमके त्या पानावर चालू असते. सुरवंट बहुतेक एखाद-दोन आठवडेच खातात, मग कोषात जातात आणि झाड नव्याने पालवते. बुलबुल, शिंपी आणि चिमणीसुद्धा आपल्या पिल्लांना प्रामुख्याने अळ्या-किडे भरवतात. एरवी दाणे खाणारी चिमणीही घरट्यातल्या पिल्लासाठी अळीच शोधते. ज्या अंगणात एकही अळी नाही, तिथे पिल्ले वाढवणे पक्ष्यांना परवडत नाही.

रुईच्या कोवळ्या शेंड्यांवर पिवळा मावा हमखास येतो. त्याच्यामागोमाग ढालकिडे आणि फुलमाश्यांच्या अळ्या येतात व मावा फस्त करतात, फक्त आठ-दहा दिवस हात आवरावा लागतो. भाजीवर निंबोळी अर्क फवारायचाच असेल, तर सूर्यास्तानंतर, वारा नसताना आणि फुले टाळून फवारावा.

एक कटू अनुभव येथे सांगणे आवश्यक वाटते. तिसऱ्या वर्षी एका नर्सरीतून मी लिंबाचे टवटवीत रोप आणले. त्यावर आठवड्याभरात लाइम फुलपाखराने अंडी घातली, अळ्या निघाल्या आणि दोन दिवसांत सगळ्या मरून पडल्या. चौकशी केल्यावर समजले, की रोपांच्या मुळाशी इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक दिले जात होते. ते मुळांतून पाने, मकरंद आणि परागापर्यंत पोहोचते आणि झाडात बराच काळ राहते. तेव्हापासून रोप घेण्यापूर्वी मी स्पष्ट विचारते, आणि ज्याच्या पानावर एखादे भोक दिसते तेच रोप घरी आणते.

मधमाश्या चावणार नाहीत का? घरात लहान मुले आहेत.

मधमाशी म्हटले, की आपल्या डोळ्यांसमोर उंच इमारतीला लटकलेले आग्या माशीचे पोळे येते. आग्या माशी खरोखरच चिडकी असते. असे पोळे दिसल्यास त्याच्या जवळ धूर, दगड, फटाके काहीही नेऊ नये आणि हटवणे अपरिहार्य असेल, तर जाणकार माणसालाच बोलवावे. पण अंगणातील फुलांवर येणाऱ्या बहुसंख्य माश्या वेगळ्या असतात. झुडपात हाताएवढे एकच पोळे बांधणारी लहान फुलोरी माशी आणि पोकळीत पोळी करणारी सातेरी या तुलनेने शांत आहेत. त्यांपलीकडे एकट्याने राहणाऱ्या माश्यांचे मोठे जग आहे. जगात मधमाशी आणि तिच्या भाऊबंद माश्यांच्या २०,००० हून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत आणि त्यांतल्या बहुतेक एकट्या राहणाऱ्या आहेत. त्यांना राखायला पोळे नसते, म्हणून हातात पकडल्याशिवाय त्या डंख करत नाहीत.

यांतल्या बऱ्याच जाती जमिनीत बीळ करून अंडी घालतात. सगळे अंगण फरशीने झाकले, तर त्यांना घरच उरत नाही. म्हणून उन्हात येणारा हात-दीड हात उघड्या मातीचा तुकडा न खणता, न शिंपता तसाच सोडावा. काळा भुंगा वाळक्या लाकडात किंवा बांबूत बीळ करतो, त्याच्यासाठी जुना ओंडका कोपऱ्यात ठेवावा. गुलाबाच्या किंवा बोगनवेलीच्या पानाच्या कडेला कात्रीने कापल्यासारखी अर्धगोल खाच दिसली, तर ते पाने कापणाऱ्या माशीचे काम असते. त्या तुकड्यांनी ती आपल्या पिल्लांची खोली मढवते. माशीच्या डंखाची ज्यांना गंभीर ॲलर्जी आहे, त्यांनी मात्र डॉक्टरांना विचारूनच बागकाम करावे.

रानफुलांचा भाजीपाल्याला काही उपयोग होतो का?

फार होतो. वांग्याच्या आणि टोमॅटोच्या फुलात परागकोषाच्या टोकाला फक्त बारीक छिद्र असते. काळा भुंगा आणि निळ्या पट्ट्यांची माशी असे फूल पायांनी घट्ट धरून पंखांचे स्नायू थरथरवतात, तेव्हा मिठाच्या डबीतून मीठ पडावे तसा पराग बाहेर पडतो. ही युक्ती मधमाशीला जमत नाही. डोरली ही वांग्याचीच रानटी भावंड, तिचेही फूल असेच असते, त्यामुळे ती कुंपणाशी असली, की हे पाहुणे आधीच ओळखीचे झालेले असतात. तांबड्या भोपळ्याचे फूल पहाटे उमलते आणि माश्यांवर अवलंबून असते. दुधीचे पांढरे फूल आणि दोडक्याचे पिवळे फूल संध्याकाळी उमलते, तिथे पतंग लागतात. गिलक्याचे, म्हणजे घोसाळ्याचे, पुन्हा सकाळी उमलते. फुले भरपूर पण फळ कोवळेपणीच गळते, अशी तक्रार घेऊन जे येतात, त्यांच्या अंगणात अनेकदा फक्त माश्यांची वानवा असते.

माळव्याच्या शेतांत हे लवकर ध्यानात येत नाही, कारण सोयाबीनचे फूल बहुतांशी स्वतःच्याच परागाने फळते. बांधावरची झुडपे तणनाशकाने जळाली, तरी शेंगा लागतच राहतात, आणि काय गेले ते शेजारच्या भोपळ्याच्या वेलालाच कळते.

घाणेरीवर खूप फुलपाखरे येतात. ती का काढायची?

घाणेरीवर फुलपाखरे येतात, हे खरे आहे. तिच्यात मकरंद भरपूर असतो. पण ती अमेरिकेतून शोभेसाठी आणलेली, तिचे पान आपल्या फार थोड्या फुलपाखरांच्या अळ्यांना चालते, आणि बुलबुलांनी बी पसरवल्यावर ती चोरल-सिमरोलच्या घाटांतील रानात दाट जाळी करून खालचे सगळे दाबून टाकते. अंगणात असेल तर एकदम न काढता, आधी निर्गुडी, तुळस आणि कोरांटी वाढवावी आणि मग ती मुळासकट उपटावी.

गाजर गवत फुलण्यापूर्वी, हातमोजे घालून उपटावे. त्याच्यामुळे त्वचेला खाज आणि श्वासाचा त्रास होऊ शकतो. यात कसलीही दयामाया दाखवू नये.

शेजारी म्हणतात, झाडी माजली आहे. इंदूर स्वच्छतेत पहिले, आणि तुमचे अंगण असे!

शहराच्या स्वच्छतेचा अभिमान मलाही आहे, आणि २०१७ पासून हे नाव टिकवण्यात घरोघरी ओला-सुका कचरा वेगळा करणाऱ्या प्रत्येकाचा वाटा आहे. परंतु पडलेले पान हा कचरा आहे, हे मला पटत नाही. झाडाखालच्या पाल्यात कोष असतात, गांडुळे असतात, दयाळ पक्षी त्यात दिवसभर चोच घालत असतो. रस्त्यावरचा पाला जरूर झाडावा, झाडाच्या आळ्यातला तसाच राहू द्यावा, आणि पाला जाळू तर कधीच नये.

शेजाऱ्यांसाठी मी तीन गोष्टी केल्या आणि त्यांचा उपयोग झाला. वाफ्याला विटांची सरळ कड घातली, रस्त्याच्या बाजूला बुटकी झाडे आणि मागे उंच झाडे अशी रचना केली, आणि फुलांची नावे लिहिलेली एक छोटी पाटी लावली. कड नीट असली, की आतली दाटी माणसाला मुद्दाम केलेली वाटते. आघाडा मात्र वाटेपासून दूर लावावा, कारण त्याचे बी कपड्यांना चिकटते आणि त्यावरून मी पुष्कळ बोलणी खाल्ली आहेत. वाळलेली झाडे माघ संपताना कापावीत, तेही जमिनीपासून वीतभर काड्या सोडून, कारण पोकळ काड्यांत लहान माश्या राहतात.

साप आणि डास वाढतील का?

सापाला फुलांशी देणेघेणे नसते, त्याला उंदीर आणि लपायला जागा लागते. विटांचे ढीग, उघडे धान्य आणि उष्टे-खरकटे घराजवळ नसावे, पायवाट मोकळी असावी आणि रात्री बागेत जाताना विजेरी न्यावी. डासांसाठी नियम एकच: पाणी तीन दिवसांपेक्षा जास्त साचू देऊ नये. डासाला अंड्यापासून पंख फुटेपर्यंत साधारण आठवडा लागतो. उथळ ताटलीत खडे घालून ठेवलेले पाणी माश्यांना लागतेच, ते एक दिवसाआड ओतून ताटली घासावी.

उन्हाळ्यात तर सगळेच करपते. तेव्हा माश्या काय खातात?

चैत्र-वैशाखात जमिनीवरची फुले संपतात आणि सगळा भार झाडांवर येतो. फाल्गुनात पळस आणि काटेसावर, मग कडुलिंब, करंज आणि बहावा, असा हा क्रम आहे. पळसाच्या केशरी फुलांवर शिंजीर, मैना आणि बुलबुल यांची झुंबड उडते. करंज आणि कडुलिंब ही रस्त्याकडेची झाडे म्हणजे उन्हाळ्यातील माश्यांची अन्नछत्रे आहेत, म्हणून ती तोडली जात असताना गप्प बसू नये. घरी तुळशीला रोज पाणी घालावे आणि तिच्या थोड्या मंजिऱ्या न खुडता ठेवाव्यात. मंजिऱ्या खुडल्याने झाड वाढते हे खरे, पण मेच्या दुपारीही त्यांवर लहान माश्या असतात, तेव्हा निम्म्या राहू द्याव्यात.

आम्ही फ्लॅटमध्ये राहतो. गॅलरीत हे शक्य आहे का?

फूटभर रुंदीच्या ४-५ कुंड्या पुरेत: एक तुळस, एक कढीपत्ता, एक तेरडा, एक पिवळी कोरांटी, आणि एक मुद्दाम मोकळी सोडलेली कुंडी, जिच्यात माका, केना, घोळ जे उगवेल ते उगवू द्यावे. ऊन चार तास तरी हवे. तिसऱ्या-चौथ्या मजल्यापर्यंत फुलपाखरे सहज येतात. कढीपत्त्यावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी आढळली, तर ती झटकू नये. ती मॉरमॉनची बाल्यावस्था असते.

कासच्या पठारावरील फुले इंदुरात लावता येतील का?

नाही, आणि तसा प्रयत्नही करू नये. कासचे पठार सुमारे १,२०० मीटर उंचीवर आहे, तिथे जांभ्या खडकावर मातीचा जेमतेम थर असतो आणि पाऊस आपल्या कितीतरी पट पडतो. ती फुले काळ्या मातीत जगणार नाहीत, आणि ती आणण्यासाठी तिथली चार झाडे मात्र जातील. महाराष्ट्राशी नाते सांगायला तेरडा आणि आघाडा दोन्हीकडे आहेत.

कोणती झाडे विषारी आहेत?

कळलावीचा प्रत्येक भाग, विशेषतः कंद, अत्यंत विषारी असतो. रुईचा चीक डोळ्यांत गेल्यास गंभीर इजा होते, म्हणून पान तोडल्यावर हात साबणाने धुवावेत. कण्हेर आणि धोत्राही विषारी आहेत. जिथे रांगती मुले किंवा कुत्रा-मांजर असेल, तिथे ही चार झाडे वगळावीत, बाकी बाग तेवढीच चांगली होते.

पहिल्या वर्षी फारसे काही उगवले नाही. चूक कोठे झाली?

बहुधा कोठेच नाही. काही बिया एक पावसाळा जमिनीत पडून राहतात आणि दुसऱ्या वर्षी उगवतात. माझ्याकडे खुळखुळा दुसऱ्या वर्षी आला आणि काटेकोरांटीला भरभरून फुले तिसऱ्या वर्षी आली. दुसरी शक्यता खुरपणीची असते. आषाढात मदतीला आलेला माळी दोन पानांची सगळी रोपे तण समजून काढून टाकतो. यासाठी प्रत्येक जातीच्या दोन-चार बिया वेगळ्या कुंडीत पेराव्यात आणि कुंडीवर नाव लिहावे. त्या कुंडीतले रोप पाहून वाफ्यातले रोप ओळखता येते, आणि माळ्याच्या हाती खुरपे देण्यापूर्वी त्यालाही ती कुंडी दाखवता येते.